आधी टाकं शोधा, मग राजवाडा

गडवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं राजगडावर गेलो होतो. मुलगा सहावीत आहे. चौथीत इतिहासाचं पुस्तक वाचल्यापासून त्याने हट्ट धरला होता. गुंजवण्यातून धापा टाकत वर पोचलो, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "आई, राजवाडा कुठे आहे?" मी चौथऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे गवत आणि दगड. तो म्हणाला, "हे तर पडलेलं घर आहे." उतरताना मलाही वाटलं, एवढं चढून आपण नेमकं काय पाहिलं? पुन्हा जायचं तर काय बघायचं आणि कसं?
— एक आई, नाशिक

उत्तर : मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. मोठी माणसं त्याच चौथऱ्यावर उभी राहून हात पसरतात, "काय वैभव असेल नाही!" म्हणतात आणि फोटो काढून पुढे जातात. तुमच्या मुलाला घर पडलेलं दिसलं. ते उभं कसं होतं, हेही त्याला दिसेल.

आधी ते पडलं कसं ते सांगतो. गडावरचे वाडे पायापासून छपरापर्यंत दगडाचे नसायचे. दगडाचं असायचं ते जोतं. त्यावर लाकडी खांब, तुळया, विटामातीच्या भिंती आणि वर कौलं नाहीतर गवत. लाकूड जळतं, कुजतं, किंवा कुणीतरी काढून नेतं. छप्पर गेलं की माती चार पावसाळ्यांत वाहून जाते. रायगडावर हेच झालं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली आणि राजवाडा जळाला. राजगडाने रायगडाच्या आधी पंचवीसेक वर्षं राजधानीचा भार वाहिला, १७०४ मध्ये औरंगजेबाने वेढा घालून तो घेतला, आणि मग तीनशे वर्षांचा वेल्ह्याकडचा पाऊस झेलला. जोती उरली हेच नवल.

जोतं वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. चौथऱ्यावरचं गवत हाताने बाजूला करा (काठीने आधी आपटून, विंचू असतात). ठरावीक अंतरावर चौकोनी, घडीव दगड सापडतील. ते तळखडे, म्हणजे खांबांच्या पायाखालचे दगड. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आमचे आजोबा घराचं माप चौरस फुटांत सांगत नसत, "पाच खणांचं घर" म्हणत. मुलाला तळखडे मोजायला लावा. एका ओळीत सहा सापडले तर पाच खण झाले. मग पायरी कुठे आहे ते बघायला सांगा, म्हणजे दार कळलं. पायरीचा दगड मधोमध झिजलेला असतो, त्यावर त्याला उभं करा. पुढचं मुलं स्वतःच रचतात. मी माझ्या नातीला असंच सोडलं होतं. तिने सदरेजवळ (कारभाराच्या बैठकीच्या जागेजवळ) स्वयंपाकघर काढलं, जे तिथे नसणार. पण तासभर ती तिथून हलली नाही.

खरं सांगू? मी स्वतः राजवाड्यापासून सुरुवातच करत नाही. ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्याचा परिणाम असेल. गडावर पोचलो की पाय आधी टाक्याकडे, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदाकडे वळतात. आमच्या घरी म्हणतात, देवाआधी पाण्याला नमस्कार करणारा हा एकटाच. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही क्रम हाच आहे. १८व्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ गडाच्या बांधणीबद्दल सांगताना म्हणतो, आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. म्हणून कातळ फोडून टाकी करा आणि त्यातलं पाणी राखून ठेवा.

तर पुढच्या वेळी सोबत एक मोजपट्टी न्या आणि टाकं मोजा. समजा एखादं टाकं सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल आहे. गुणाकार ७२ घनमीटर, म्हणजे ७२ हजार लिटर. गडावर शंभर माणसं धरा. माणशी रोज पाचच लिटर, म्हणजे पिणं आणि रांधणं एवढंच. दिवसाला ५०० लिटर लागले. टाकं चालेल १४४ दिवस, पावणेपाच महिने. आणि दसऱ्यापासून मृगापर्यंत काढायचे असतात साडेसात-आठ महिने. शिवाय घोडी, बैल, कपडे, आणि उन्हाने उडून जाणारी वाफ. हे गणित सहावीतल्या मुलाला सहज जमेल, आणि जमलं की एका गडावर इतकी टाकी का, हा प्रश्न उरत नाही. काही टाकी कातळाच्या पोटात आत शिरलेली असतात, छत तोलायला मध्ये दगडाचेच खांब ठेवलेले. खांबटाकं म्हणतात त्याला. आत ऊन पोचत नाही, पाणी गार राहतं आणि कमी उडतं. आणखी एक हिशेब बघा: टाकं खोदताना निघालेला दगड वाया जात नाही, तो तटाला आणि जोत्यांना लागतो. माझ्या नोकरीत इतकं काटकसरीचं अंदाजपत्रक मी कधी पाहिलं नाही.

पाण्यानंतर दरवाजा. दरवाज्यातून आपण सगळे घाईने आत जातो, वर पोचल्याच्या आनंदात. थांबा. चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंना भिंतीत चौकोनी भोकं दिसतील. एका बाजूचं हातभर, दुसऱ्या बाजूचं मात्र खोलच खोल. तो अडसराचा मार्ग. दार उघडं असताना तो लाकडी वासा पूर्ण त्या खोल भोकात सरकवून ठेवायचा, लावताना ओढून समोरच्या भोकात बसवायचा. आतल्या बाजूच्या देवड्या पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या. खाली आणि वर दाराचा खुंट फिरायच्या गोल उखळ्या असतात, त्यांत बोट घालून बघा, किती गुळगुळीत झाल्यात.

आता वाट. मुलाला घेऊन पायथ्याच्या पाली गावाच्या बाजूने चढा. ती जुनी राबत्याची वाट, रुंद आणि पायऱ्यांची. तुम्ही गुंजवण्याकडून गेलात म्हणजे बहुधा चोरदरवाज्याने. शेवटचा टप्पा अंगावर येतो, आणि थकलेल्या मुलाला राजवाडा तरी कसा दिसणार! पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या (गडाचे तटबंदी घातलेले लांबट सपाट भाग) आणि बालेकिल्ला (सगळ्यात उंच, आतला किल्ला) एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. पद्मावती माचीवरच तळं, सदर, दारूकोठार, पद्मावतीचं आणि रामेश्वराचं देऊळ आणि सईबाईंची समाधी आहे. अर्धा दिवस तिथेच जातो, आणि जाऊ द्यावा. जमलंच तर बालेकिल्ला. संजीवनी माची अडीच किलोमीटरच्या घरात आहे, सावली जवळजवळ नाही. १९८७ साली एप्रिलमध्ये मी एका बाटलीवर तिच्या टोकाला गेलो होतो. येताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका धनगर बाईंनी ताक पाजलं आणि वर ऐकवलं, "पाण्याच्या खात्यात हायसा म्हनं?" ते अजून माझ्या पाठीवर आहे.

प्रश्न : काका, आम्ही कॉलेजचे पाच मित्र. राजगड ते तोरणा एका दमात करायचं ठरतंय. गडावर मुक्काम करता येतो का? आणि टाक्यातलं पाणी प्यायलं तर चालतं का? तुम्ही लिहिता त्यावरून वाटतं, पाणी भरपूर असतं.
— द्वितीय वर्ष, सोलापूर

उत्तर : तू माझं अर्धंच वाचलंस. पाणी शंभर माणसांना पुरवून वापरायचं होतं म्हणून टाकी. सुट्टीच्या दिवशी आज वर किती माणसं असतात, ते तू पाहिलंच असशील.

टाक्यातलं पाणी तसंच पिऊ नका. प्यायचं टाकं कुठलं ते गावातल्या माणसाला विचारा, त्यांना बरोबर ठाऊक असतं. ते दुपदरी फडक्याने गाळा, क्लोरीनचे थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. नितळ दिसतं म्हणून फसू नका. आणि कृपा करून टाक्यात उतरून पोहायचं नाही, पाय बुडवून बसायचं नाही, ताट विसळायचं नाही. तुमच्या मागून येणाऱ्याला तेच प्यायचं असतं.

मुक्कामाचे नियम पुरातत्त्व खातं ठरवतं आणि ते बदलत असतात. निघायच्या आठवड्यात चौकशी करा. मनाई असेल तर असेल, "आम्ही काही करणार नाही" या बोलीवर तंबू ठोकायचा नाही. पायथ्याच्या गावात राहा, पिठलं-भाकरी चांगली मिळते, आणि पहाटे चार वाजता निघा. तोही मुक्कामच.

दोन्ही गडांना जोडणारी डोंगरधारेची वाट राजगडाच्या संजीवनी माचीवरच्या अळू दरवाज्याने उतरते. मध्ये भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडते आणि तोरण्याच्या बुधला माचीवर चढते. तो शेवटचा चढ उभ्या कातळाचा आहे आणि तो तुम्ही सगळ्यात थकलेले असताना समोर येतो, म्हणून हात मोकळे राहतील अशी सॅक घ्या. अख्खा दिवस धरा. माणशी चार लिटर पाणी, धारेवर भरवसा ठेवण्याजोगं पाणी नाही. मीठ-साखर, लिंबू. आणि अत्तर, डिओ काहीही मारून येऊ नका. कड्यांत आग्या मोहोळं असतात. त्यांना वास, धूर आणि आरडाओरडा चालत नाही. उठलीच, तर तोंड-मान झाकून, हात न झाडता, लवकरात लवकर लांब व्हायचं. पाचांतला एक तरी आधी ही वाट केलेला असू दे. नसेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

प्रश्न : आईचं वय ७२, गुडघे दुखतात. तिला एकदा तरी देवगिरी बघायचा आहे. अंधारी, म्हणजे किल्ल्यातला तो काळोखा भुयारी मार्ग, चढणं तिला शक्य नाही. मग नेण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : न्याच. देवगिरी हा असा किल्ला आहे की न चढताही अर्ध्याहून अधिक कळतो. सकाळी दार उघडताच आत जा. एकामागून एक दरवाजे लागतात, वाट वळणं घेत जाते. हत्ती हौद बघा, त्याच्या काठावर आईंना बसवा. एवढं पाणी साठवणाऱ्यांची भूक केवढी असेल! पुढे भारतमाता मंदिरातलं खांबांचं रान, बहमनी काळातला चांद मिनार, आणि थोड्या पायऱ्या चढून चिनी महाल, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता. जमलं तर खंदकापर्यंत जा. तो कातळात तासून काढलेला खंदक आणि वरचा सरळसोट कडा समोरून बघितला की यादवांपासून मुघलांपर्यंत सगळ्यांना हाच किल्ला का हवा होता ते उमगतं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानीच इथे आणायचा घाट घातला होता.

पुढे अंधारी आणि शेकडो पायऱ्या. तुम्ही जाऊन या, आईंना सावलीत बसू द्या. त्यांना सांगायला एक गोष्ट देतो. १४व्या शतकात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की इथल्या कोठडीतले उंदीर मांजराहून मोठे होते आणि मांजरंच त्यांना घाबरून पळत. आज वटवाघळं आहेत, ती पुरे.

आणि हा अभेद्य किल्ला १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढे नमला तो कडा चढून कुणी आलं म्हणून नव्हे. तवारीखकारांची कथा अशी की वेढा पडल्यावर घाईने गडात भरलेली धान्याची पोती उघडली, तर त्यांत मीठ निघालं. पाणी काय, धान्य काय, दोन्ही अंगांनी मी हेच म्हणतो. तट, बुरुज, तोफा सगळं खरं, पण गड उभा असतो टाक्यावर आणि अंबरखान्यावर, म्हणजे धान्याच्या कोठारावर.

प्रश्न : मागच्या अंकात एका गडावरच्या गोल दगडी खाचेला तुम्ही तेलाचा घाणा म्हणालात. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. ती चुन्याची घाणी. तेलाच्या घाण्यात उभी लाट (लाकडी दांडा) फिरते, गोल चर नसतो.
— एक गवंडी, वाई

उत्तर : कान पकडतो. तुमचं शंभर टक्के बरोबर. जमिनीवर गोल चर, त्यात उभं दगडी चाक, आणि मधल्या खुंटाभोवती ते फिरवणारे बैल. ही चुना मळायची घाणी. भाजलेला चुना, वाळू आणि पाणी त्या चरात रगडून रगडून लोण्यासारखं व्हायचं. मी सिमेंटच्या काळात नोकरीला लागलो, तिथेच माझं अज्ञान उघडं पडलं. वाचकांनो, घाणी सापडली की आजूबाजूला बघा, चुन्यात बांधलेलं मोठं काम जवळपासच असतं. चुना भिजवून डोंगरभर फिरवायला कुणाला परवडतं?

प्रश्न : पाचवी ते सातवीच्या मुलांची सहल गडावर नेतो. भिंतींवर कोरलेली नावं दिसतात, मुलं विचारतात, यांना शिक्षा होते का? नेमकं काय सांगू?
— एक शिक्षक, कराड

उत्तर : होते. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळे गड केंद्राकडे नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले बारा किल्ले घ्या, अकरा आपले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यांपैकी आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी हे चार राज्याच्या खात्याकडे. सहलीआधी मुलांना गड कुणाच्या ताब्यात आहे ते शोधून काढायला लावा. आणि सर, कोरणारे बहुतेक वीस-पंचविशीचे असतात, पाचवीतले नव्हेत. मुलांना फार धाक घालू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कुठला गड सोपा?
— दोन मैत्रिणी, ठाणे

उत्तर : भग्नावशेष बघायचे असतील तर कुठलाच नाही. गवत कमरेएवढं, जोती दिसत नाहीत, धुक्यात दहा पावलांपुढचा बुरुज दिसत नाही, शेवाळलेल्या पायऱ्या. धबधबे बघायचे असतील तर तो विषय माझ्या सदराचा नाही. मार्गशीर्ष-पौषात या. गवत वाळून बसतं आणि टाक्यांत पाणीही असतं.

प्रश्न : आजोबा, महाराजांच्या वेळी गडावर संडास होते का? बाई म्हणाल्या असले प्रश्न विचारू नये.
— इयत्ता चौथी, सांगली

उत्तर : होते की! आणि प्रश्न एकदम चांगला आहे. एवढी माणसं महिनोन्‌महिने तटावर पहारा द्यायची, ती जाणार कुठे? म्हणून तटातच छोटी जागा करून ठेवत. बसायला दोन दगड, मध्ये फट, आणि खालून उतरता दगड, म्हणजे सगळं तटाबाहेर कड्यावरून खाली. त्याला शौचकूप म्हणतात. प्यायच्या टाक्यापासून ते लांब ठेवलेले असतात, हे मुद्दाम बघ. राजगडाच्या संजीवनी माचीवर असे शौचकूप आहेत. बाबांसोबत गेलास की आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही तटांच्या कडेने सावकाश चाल आणि मोज. किती सापडले ते मला पोस्टकार्डावर कळव. मी मोजले त्याला वीस वर्षं झाली, आणि तेव्हा माझ्या वहीवर पाऊस पडला होता.